अर्ध्यावरचा धवला

सुकापूर, ११ डिसेंबर २०११

दादा,

तू फोन उचलत नाहीस. पत्र उचलावं लागत नाही, पोस्टमन दारात टाकून जातो, म्हणून लिहिते आहे. मुंद्र्याच्या कॉलनीचा हाच पत्ता अजून चालू आहे असं धरते.

आईच्या मानेचा सीटी स्कॅन झाला. आमच्याच सेंटरवर, काल. मशीनवर मीच होते.

तिचा आवाज तुझ्या लग्नाच्या आधीपासूनच जड होत होता. आपल्याकडे कुणाला त्याची काळजी वाटली नाही, कौतुकच झालं. जनीचा आवाज पिकला, असं बायका म्हणायच्या. लग्नात गाणाऱ्या धवलारणीचा आवाज खाली उतरला की मांडवाला वजन येतं म्हणे, त्यामुळे दोन हंगामांपूर्वी तिला लग्नांची बोलावणी वाढली. मग श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. दवाखान्यात दमा म्हणून पंप दिला. वर्षभर तिनं पंप ओढला. मासळीची पाटी बाजारात उतरवली की पंप, मांडवातून बाहेर आली की पंप.

शेवटी मी तिला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं. आतलं अस्तर स्वच्छ, कुठे जखम नाही. पण डावी स्वररज्जू हलत नव्हती आणि तिच्या खाली मागच्या बाजूनं एक गुळगुळीत फुगवटा आत आला होता. त्यांनी स्कॅन सांगितला.

टेबलावर मी तिला सगळ्यांना सांगते तेच सांगितलं. हलू नका, गिळू नका, श्वास घ्या, रोखा.

‘‘हलू नका काय बोलतंस गो? आयस हाय मी तुजी.’’

चित्र असं आहे. स्वरयंत्राच्या तळाशी कूर्चेची एक कडी असते, क्रिकॉइड. खड्याच्या अंगठीसारखी, पुढे अरुंद आणि मागे रुंद. आईच्या अंगठीची मागची बाजू सुजून श्वासाच्या वाटेत आली आहे. गाठीत चुन्याचे ठिपके आहेत, लाह्या फुटल्यासारखे. वाट गोल असायला हवी, ती फटीएवढी उरली आहे. हे चित्र मी आतापर्यंत फक्त पुस्तकात पाहिलं होतं.

टेबलावरून उतरताना तिनं विचारलं, ‘‘काय दिसला?’’

‘‘रिपोर्ट उद्या मिळेल,’’ मी म्हटलं. टेक्निशियननं रुग्णाला काही सांगायचं नसतं. तो नियम बरा आहे.

मी तुला ये म्हणत नाही. कळवते आहे.

विनिता


सुकापूर, २९ जानेवारी २०१२

दादा,

तुकडा काढून तपासायला दोन खेपा लागल्या. गाठ कूर्चेची, म्हणजे कडक. चिमटा तिच्यावरून घसरतो. पहिल्या खेपेला नुसतं वरचं अस्तर हाती आलं. दुसऱ्या खेपेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा मिळाला. रिपोर्ट आला, कॉन्ड्रोमा. कूर्चेची साधी गाठ.

वेणूमावशीनं कोळीवाड्यात पेढे वाटले. तिला आईमागे सूर धरून इतकी वर्षं झाली की आईचा घसा तिला स्वतःचाच वाटतो. ‘‘आमच्या गल्याला काय नाय झाला,’’ असंच सांगत फिरत होती.

तो घेऊन आम्ही मुंबईच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी फिल्म दिव्यावर लावली आणि रिपोर्ट शेजारी धरला. मग म्हणाले, ‘‘रिपोर्ट चुकीचा नाही. तुकडा लहान आहे. या गाठीत एका कोपऱ्यात साधी कूर्चा असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात कॅन्सर असू शकतो. मायक्रोस्कोपखाली दोघं सख्खे भाऊ दिसतात. मोठा तुकडा हवा.’’

मग त्यांनी आईला विचारलं, ‘‘मावशी, काम काय करता?’’

‘‘मासली इकते. आनि लग्ना लावते.’’

‘‘म्हणजे? विवाह मंडळ आहे?’’

आई मोठ्यानं हसली आणि हसता हसता शिट्टी वाजली. मी सांगितलं की आमच्याकडे लग्न धवलारणीच्या गाण्यानं लागतं. हळदीपासून वरात निघेपर्यंत ती धवले गाते. प्रत्येक विधीला तिचा धवला लागतो, आणि शेवटच्या कडव्यात ती नवरा-नवरीची नावं जोडून घेते. आईच्या पद्धतीत, नावं जोडली की लग्न लागलं.

त्यांनी कागदावर लिहिलं, व्यावसायिक गायिका. आईला ते मी वाचून दाखवलं तेव्हा ती दिवसभर खुशीत होती.

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात. तोंडातूनच, लेझरनं. गाठ खरवडून वाट मोठी करतील आणि निघेल ते सगळं तपासायला पाठवतील.

विनिता


सुकापूर, १३ मे २०१२

दादा,

लेझरची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस गळ्याला भोक पाडून नळी होती, ती आता काढली आहे. भोक बुजलं.

मोठा तुकडा कॉन्ड्रोसार्कोमा निघाला. कूर्चेचा कॅन्सर, सौम्य प्रतीचा. तो फार हळू वाढतो आणि शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही. पण मुळापासून काढला नाही तर त्याच जागी परत येतो. किरणांचा आणि केमोचा त्याच्यावर फारसा उपयोग होत नाही. मुळापासून म्हणजे त्या कडीसकट, आणि कडी गेली की वरचं स्वरयंत्र उभं राहू शकत नाही. म्हणून सर्जननी शक्य तेवढं खरवडलं आणि बाकी सोडलं. आवाज वाचवायला. दर काही महिन्यांनी स्कॅन करायचा.

आवाज परत आला आहे, पण पूर्वीचा नाही. वरचे सूर गेले. डॉक्टरांनी बोलायलासुद्धा जपून सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात ती विचुंब्याला एका लग्नात गाऊन आली. मी रागावले तर म्हणाली, ‘‘त्या पोरीच्या आयशीचाबी धवला मीच गायलेला. तिला काय सांगू, डॉक्टरला इचार?’’

मी एक गोष्ट सुचवली होती. घरी बसून सगळे धवले मोबाइलवर रेकॉर्ड करू. मी तिच्यापुढे फोन धरला, तर तिनं खोलीभर नजर फिरवली.

‘‘पाटावर कोन हाय?’’

‘‘कुणी नाही. फक्त रेकॉर्डिंग आहे.’’

‘‘रिकामा पाट ठेवून धवला गात नाय. गायला तर लगीन कोनाचा लागंल?’’

मी फोन ठेवून दिला. मग ती भाजी निवडायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, ‘‘कल्पेशचा धवला माज्याजवल ऱ्हायलाय, गो. नावा जोडली नाय.’’

तुझ्या लग्नात, नवीन पनवेलच्या त्या हॉलमध्ये, मी तुझ्या मागेच उभी होते. गुरुजी घड्याळ बघत होते. कादंबरीवहिनींचे वडील, कृष्णकांतकाका, दोनदा येऊन तुझ्या कानाशी लागले. त्यांना काय ठाऊक, की धवलारणीला मधे थांबवत नाहीत. तुला ठाऊक होतं. तू म्हणालास, ‘‘आई, पुरे आता, लोक थांबलेत.’’ ती ओळीच्या मधे थांबली. खाली उतरली, अक्षता टाकल्या, जेवली आणि घरी आली. भांडली नाही. पुढच्या सणाला तू आला नाहीस, आणि तिनं बोलावलं नाही.

हे उकरायला लिहिलेलं नाही. धवल्याचा विषय निघाला म्हणून ओघात आलं.

विनिता


सुकापूर, १७ फेब्रुवारी २०१३

दादा,

गाठ परत वाढली. या वेळचा स्कॅन माझ्या सहकाऱ्यानं केला, मी काचेच्या बाहेर उभी होते. कडीचा अर्ध्याहून जास्त भाग गेला आहे. पुन्हा खरवडण्यात अर्थ नाही असं सर्जन म्हणाले. पूर्ण स्वरयंत्र काढायचं. श्वासाची नळी गळ्याच्या पुढे कायमची उघडायची. तोंडाचा आणि फुप्फुसाचा संबंध संपतो, म्हणून आवाजही संपतो. जीव मात्र वाचेल, हे त्यांनी ठाम सांगितलं. या जातीच्या गाठीचे रुग्ण वर्षानुवर्षं जगतात.

आईनं ऐकून घेतलं. घरी येताना रिक्षात विचारलं, ‘‘खाकरता येल?’’

‘‘येईल. भोकातून.’’

‘‘आनि वराडता?’’

‘‘नाही.’’

‘‘बाजारात कसा व्हयाचा मंग?’’ एवढंच. धवल्याचं नाव तिनं काढलं नाही.

तुझा निरोप मिळाला. इतक्या पत्रांवर तुझी ती एक ओळ: आईला फोनवर गायला सांग, आम्ही दोघं इथून ऐकतो. मी तिला जशीच्या तशी वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘‘फोनवर पाट मांडता येतो काय?’’

पाट मांडून दोघांना समोर बसवायचं, हळद लावायची आणि शेवटचं कडवं म्हणायचं. तिला लागेल पाव तास. सुकापूरचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट पुरे आहे. गुरुजी नाहीत, हॉल नाही, कुणी थांबलेलं नाही. वहिनींनी यावं असं मी त्यांनाही वेगळं लिहिलं आहे.

मी पहिल्या पत्रात ये म्हणत नाही असं लिहिलं होतं. आता म्हणते आहे. शस्त्रक्रियेच्या आधी ये.

विनिता


मुंबई, ४ मार्च २०१३

दादा,

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. आई आत, शस्त्रक्रिया चालू आहे.

तू शनिवारी, दोन तारखेला, वहिनींना घेऊन येतो म्हणालास, तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं दोन पाट घासून गॅलरीत वाळत ठेवले. वेणूमावशीला निरोप धाडला. वेणूमावशी म्हणाली, ‘‘चार वर्सानी लगीन पुरा व्हायचा, तवर नवऱ्याचा पोट सुटला असंल, पाटावर मावंल नं?’’ आई हसली आणि तिला धाप लागली. तशी धाप लागायला नको होती.

गुरुवारी तिची वाट बंद झाली. शिट्टी वाजायची थांबली, आणि ती थांबणं वाईट असतं. हवाच आत जात नव्हती. पनवेलला तातडीनं गळ्याला भोक पाडून नळी घातली. ती वाचली. नळी असली तरी भोक बोटानं झाकून थोडं बोलता येतं, पण त्यासाठी वर वाट मोकळी लागते. तिची वर वाटच उरली नव्हती.

मी तुला संध्याकाळी फोन केला. तू उचललास. मी सांगितलं की आवाज गेला. तू म्हणालास, ‘‘मग आता येऊन काय करू?’’

प्रश्नात चूक नव्हती. मी फोन ठेवला.

शस्त्रक्रिया आधी पंचवीस फेब्रुवारीला ठरली होती. तारीख शनिवारच्या पुढे कुणी ढकलली ते तिला विचारू नकोस. तिला आता सांगता येणार नाही, आणि मी सांगणार नाही.

शनिवारी ती मुंबईच्या वॉर्डात होती. दुपारपर्यंत दाराकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडून पाटी-पेन्सिल घेतली. आपल्या आईला लिहायला किती कष्ट पडतात, तुला माहीत आहे. तिनं लिहिलं, ‘पाट आत घे’.

विनिता


सुकापूर, ७ जुलै २०१३

दादा,

गाठ पूर्ण निघाली. कडा स्वच्छ आल्या. म्हणजे जे काढलं त्याच्या बाहेर रोग उरलेला नाही. वैद्यकीयदृष्ट्या निकाल उत्तम आहे.

आई गळ्याच्या भोकावर पातळ सुती रुमाल बांधते. बाजारात जायला लागली आहे. एक गोष्ट मला शिकवलेली होती, पण तिच्या बाबतीत माझ्या लक्षात आली नव्हती. हवा नाकातून जात नाही, म्हणून वास येत नाही. आयुष्यभर तिनं मासळी नाकानं पारखली. आता कल्ले उघडून लाली बघते, मासा दाबून बघते आणि तरीही सवयीनं नाकाशी नेते. मग खाली ठेवते.

डॉक्टरांनी बोलण्यासाठी आत झडप बसवली होती. ती गळू लागली, पाणी प्यायलं की ठसका. काढून टाकली. दुसरी बसवू देत नाही.

तू कुरिअरनं पाठवलेलं बोलायचं यंत्र मिळालं. टॉर्चसारखं हनुवटीखाली धरायचं आणि ओठ हलवायचे. मी तिला दोन दिवसांत शिकवलं. पहिलं वाक्य तिनं बाजारात वापरलं, ‘‘घे गो, ताजी हाय.’’ गिऱ्हाईक बाई दचकून मागे सरली. वेणूमावशी म्हणाली, ‘‘जने, तुज्या गल्यात कुनी बोटीचा इंजीन बसवला गो?’’ आई इतकी हसली की खांदे गदागदा हलले. आवाज काहीच नाही, रुमालातून नुसती हवेची फुसफुस.

घरी आल्यावर तिनं दार लावलं. मी स्वयंपाकघरात होते. यंत्राचा आवाज सलग येत राहिला, एकाच सुरात. वर नाही, खाली नाही. मला कळलं ती काय करून बघते आहे. मी गॅस बारीक करून उभी राहिले. थोड्या वेळानं तो बंद झाला. तेव्हापासून यंत्र डब्यात आहे.

तू पाठवलंस, याची नोंद तिनं घेतली आहे.

विनिता


सुकापूर, २४ नोव्हेंबर २०१३

दादा,

तुळशीचं लग्न झालं आणि हंगाम सुरू झाला. काल कोळीवाड्यात वेणूमावशीच्या नातीचं, रियाचं लग्न होतं. धवले वेणूमावशीच गाणार होती. आई हळदीचं ताट घेऊन तिच्या शेजारी बसली. तांदळाच्या पिठाचा चौक तिनंच भरला, नवरीला हळदही तिनंच लावली. हातांना काही झालेलं नाही.

वेणूमावशीचा गळा चांगला आहे, पण ती जन्मभर मागून गायली. आई ओळ टाकायची, ही उचलायची. पुढे काय येतं हे तिनं कधी लक्षात ठेवलंच नाही, गरजच पडली नव्हती. तिसऱ्या कडव्याला ती अडकली. मी आईकडे पाहिलं. ती ओळ म्हणत होती, ओठांनी, पूर्ण, ठेक्यासकट. वेणूमावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला ते दिसेना.

मला दिसत होतं. मार्चपासून मी तेच बघते आहे. आठ महिने आमचं घर तिच्या ओठांवर चाललं आहे.

मी ती ओळ मोठ्यानं म्हटली. चाल न लावता, ‘श्वास घ्या, रोखा’ म्हणते त्याच आवाजात. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘ही बघा, नवरीचा रिपोर्ट वाचते!’’ बायका हसल्या. वेणूमावशी हसली नाही. तिनं ओळ उचलली आणि चालीत घातली. मी पुढची सांगितली. असं करत शेवटापर्यंत गेलो. शेवटच्या कडव्याला आईनं माझं मनगट धरलं आणि त्यावर बोटांनी ठेका दिला. तेव्हा माझ्याही तोंडून चाल निघाली. बरी नव्हती. नावं जोडली गेली, लग्न लागलं.

रात्री घरी आल्यावर आई गॅलरीत गेली आणि दोन्ही पाट आत घेऊन आली. मार्चमध्ये मी ते आत घेतलेच नव्हते. ते मला जमलं नाही. पावसात राहून ते काळे पडले होते. ती ते पुसत बसली आणि माझ्याकडे बघून काही बोलली.

‘क’ ओठांवर दिसत नाही. तो आत घशाशी होतो. तुझ्या नावात फक्त मधे, ‘प’ला, ओठ एकदा मिटतात. तिचे मिटले. मग तिनं वहिनींचं नाव घेतलं, त्यात ‘ब’ला मिटतात. दोन्ही नावं तिनं एका श्वासात घेतली, जोडून.

तू विचारलं होतंस, येऊन काय करू. आता उत्तर आहे. दोघांनी पाटावर बसायचं. हळद ती लावेल. ओळी तिच्या असतील, चाल वेणूमावशीची आणि आवाज माझा, जसा आहे तसा. तिचा आवाज तुला ऐकायला मिळणार नाही, दादा. तो दोन मार्चला मिळणार होता.

हंगाम मेअखेरपर्यंत आहे. रजा कधी मिळते ते कळव.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. प्रत्येक ओळीनंतर मला आईच्या ओठांकडे बघावं लागतं, तेवढा वेळ सगळं शांत असतं. संपलं असं समजून उठू नकोस.

विनिता